दाजींसोबत बोल्गेरी : इटलीच्या किनाऱ्यावरचा लाल वाइनचा पट्टा

आमच्या कोल्हापुरातनं युरोपला जाणारी मंडळी म्हणजे रोम, फ्लोरेन्स, पिसाचा मनोरा, मग स्वित्झर्लंड आणि परत, त्यात वाईट काहीच नाही, पण ह्या वेळी आम्हाला एकच पट्टा निवांत बघायचा होता. कारण आमचे दाजी. ताईचं सासर तासगाव तालुक्यात, दाजींची स्वतःची द्राक्षबाग, वडिलांपासूनची, आणि ताई बेदाण्याचं सगळं बघते, शेड, प्रतवारी, कोल्ड स्टोरेज सगळं. माझं काम फाउंड्रीचं, शिरोली एमआयडीसीत. मला वाइनची आवड आहे आणि दाजींना द्राक्षाची, म्हणून इटलीच्या तोस्काना प्रांतातला समुद्राकाठचा बोल्गेरीचा पट्टा ठरला, जिथं लाल वाइनच मुख्य. आणखी एक कारण होतं, हा पट्टा जुना नाहीय. आपल्याला वाटतं युरोपातली वाइन म्हणजे पाचशे वर्षांची परंपरा, पण बोल्गेरीचं नाव झालं ते माझ्या वडिलांच्या हयातीत. हे कसं झालं ते मला दाजींच्या डोळ्यांनी बघायचं होतं.

शुक्रवार

अनंत चतुर्दशीची मिरवणूक झाली आणि लगेच आम्ही चौघं निघालो, मी, बायको, ताई आणि दाजी. पितृपंधरवडा लागलाय, आत्ता कुठं परदेश काढलाय म्हणून आईची थोडी कुरकुर झाली, पण द्राक्षतोडणी बघायची तर सप्टेंबरशिवाय इलाज नाही आणि ऑक्टोबरच्या फळछाटणीच्या आत परत यायचं ही दाजींची पहिल्यापासनं अट होती. रात्रीत मुंबई, तिथनं दोहामार्गे रोम. रोमच्या विमानतळावरच गाडी भाड्यानं घेतली (आपल्या आरटीओतनं इंटरनॅशनल परमिट काढून न्यायचं, ते लागतंच) आणि उत्तरेकडं निघालो. रस्ता आउरेलिया, रोमन लोकांनी आखलेला, आता चांगला हायवे. डाव्या हाताला अधनंमधनं समुद्र, उजव्या हाताला डोंगर, आणि मध्ये सपाट शेतं.

ह्या सपाट भागाला मारेम्मा म्हणतात. दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी इथं दलदल होती, हिवतापानं माणसं मरायची, उन्हाळ्यात लोक खालची गावं सोडून डोंगरात जायचे. मग तोस्कानाचा ग्रँड ड्यूक लिओपोल्ड दुसरा ह्यानं १९ व्या शतकात पाणी काढून जमीन कोरडी करायला घेतली, ते काम पुढं विसाव्या शतकापर्यंत चाललं. गाडीत हे वाचून दाखवलं तर दाजी म्हणाले, "म्हंजे चोपण रान हुतं की हे." अगदी चोपण नव्हे, पण कुणी हौसेनं घ्यावी अशी जमीन नव्हती हे खरं. अंधार पडता पडता दोनोरातिकोच्या जवळ आमच्या मुक्कामी पोचलो, शेतातलंच घर होतं, जेवलो आणि झोपलो.

शनिवार

सकाळी पहिल्यांदा सायप्रसच्या झाडांचा रस्ता. आउरेलियावर सान ग्वीदोचं छोटं चॅपेल आहे, तिथनं थेट बोल्गेरी गावापर्यंत जवळजवळ ५ किलोमीटर एकदम सरळ रस्ता आणि दोन्ही बाजूला सायप्रस, दोन हजारांच्या वर झाडं. गेरार्देस्का म्हणून इथलं सरदार घराणं, त्यांनी १९ व्या शतकात लावली. कार्दुच्ची नावाचा कवी लहानपणी इथं राहायचा, त्यानं ह्या झाडांवर कविता केली, त्याला १९०६ चं साहित्याचं नोबेल मिळालं, आणि शेजारच्या कास्तान्येतो गावानं पुढं त्याचंच नाव जोडून घेतलं, कास्तान्येतो कार्दुच्ची. बोल्गेरीची सगळी वाइन ह्याच कास्तान्येतोच्या हद्दीतली.

बोल्गेरी गाव म्हणजे लाल विटांच्या गढीचा एक दरवाजा, त्यातनं आत गेलं की दोन-चार गल्ल्या, संपलं. पण प्रत्येक दुसऱ्या दारात वाइनचं दुकान. तिथं एनोतेका म्हणतात. भिंतीला मशीन लावलेलं असतं, कार्ड घ्यायचं, त्यात पैसे भरायचे आणि बटन दाबून थोडी थोडी वाइन घ्यायची, त्यामुळं महागातली बाटली न घेताही चव बघता येते. मी गाडी चालवणार म्हणून घोट तोंडात फिरवून थुंकायचो, त्यासाठी भांडं ठेवलेलंच असतं, कुणाला त्यात काही वाटत नाही. बायकोनं मात्र तिन्ही ग्लास संपवले आणि तिचं मत सगळ्यात स्पष्ट होतं, पहिली हलकी, दुसरी कडक, तिसरी ठेवायची.

आता इथं सास्सिकाया ह्या वाइनची गोष्ट सांगितलीच पाहिजे. मारियो इंचिझा देल्ला रोकेत्ता हा उत्तर इटलीतल्या पिएमोंतेकडचा माणूस, लग्न झालं गेरार्देस्का घराण्यातल्या क्लारिचेशी, आणि बायकोकडनं ही जमीन आली. त्याला फ्रान्सच्या बोर्दोच्या वाइनची आवड. तेव्हा तोस्कानात लाल वाइन म्हणजे सांजोव्हेजे द्राक्षाची, आणि ह्या किनाऱ्याला तर कुणी चांगल्या वाइनसाठी विचारत पण नव्हतं, समुद्राच्या जवळ म्हणजे वाइन बिघडणार असा समज होता. त्यानं १९४४ साली कॅबरने, म्हणजे बोर्दोकडचं लाल वाइनचं द्राक्ष, लावली. तीसुद्धा आधी वर डोंगरात, समुद्राच्या वाऱ्यापासनं आडोसा बघून. वाइन झाली ती कित्येक वर्षं घरातच प्यायची, बाहेर विकली नाही. घरच्यांना पहिल्यांदा आवडलीही नाही म्हणतात, पण ठेवलेल्या बाटल्या वर्षं गेली तशा सुधारत गेल्या. मग १९६० च्या दशकात त्यानं खाली उतरून दगडगोट्यांच्या जमिनीत लावण केली, भाचा पिएरो आंतिनोरी आणि वाइनतज्ज्ञ जाकोमो ताकिस ह्यांची मदत झाली, आणि १९६८ च्या तोडणीची वाइन पहिल्यांदा बाजारात आली. १९७८ ला लंडनमध्ये जगभरच्या कॅबरने वाइन झाकून चाखल्या, त्यात १९७२ ची सास्सिकाया पहिली आली.

आणि ह्यातली मला सगळ्यात पटलेली गोष्ट म्हणजे कायद्यानं ही वाइन तेव्हा 'टेबल वाइन' होती, म्हणजे सगळ्यात खालच्या दर्जाची, कारण नियमातली द्राक्षं वापरली नव्हती. बोल्गेरीच्या लाल वाइनला अधिकृत दर्जा मिळाला १९९४ ला. २०१३ ला सास्सिकायाला तर स्वतंत्र दर्जा मिळाला, एका इस्टेटीपुरता. आज तिची बाटली तिनशे युरोच्या वर जाते. आम्ही घेतली नाही, मशीनमधनं एक घोट घेतला, तिघांत. काळ्या मनुकेसारखं फळ, लाकडाचा अगदी बारीक वास, आणि तोंडात फार वेळ राहते. दाजींनी घोट घेऊन बराच वेळ डोळे मिटले आणि मग विचारलं, "ही जमीन दाखवाल का?"

रविवार

समुद्रावर गेलो. मरीना दी कास्तान्येतो, मागं पाइनचं बन आणि पुढं वाळू. सुट्टीमुळं गर्दी होती. किनाऱ्यापासनं द्राक्षबागा मोजून पाच-सात किलोमीटरवर सुरू होतात, दुपारी समुद्राकडनं वारा सुटतो तो थेट बागांत जातो, मागं डोंगर आहेत म्हणून उत्तरेचा गार वारा अडतो. रात्री फार थंडी नाही, दुपारी फार भाजत नाही. दाजी वारं सुटल्यावर म्हणाले की एवढं वारं असेल तर पानावरचं दव सकाळीच उडतंय, डाऊनीचं, म्हणजे द्राक्षावरच्या बुरशीच्या रोगाचं, टेन्शन कमी. मी त्यांना म्हणलं सोमवारी विचारू.

किनाऱ्यालगत थोडं पाणथळ शिल्लक आहे, पादुले दी बोल्गेरी, तिथं त्याच मारियोनं १९५९ ला शिकार बंद करून पक्ष्यांसाठी राखलं, पुढं तो डब्ल्यूडब्ल्यूएफ ह्या निसर्ग राखणाऱ्या संस्थेच्या इटलीतल्या शाखेचा पहिला अध्यक्ष झाला. आम्ही गेलो तेव्हा ते बघायला उघडं नव्हतं, हिवाळ्यात असतं.

रात्री रानडुकराचं मटण, चिंघियाले, पट्टीसारख्या रुंद पास्त्यावर. मंद शिजवलेलं, वाइनमध्ये मुरवलेलं, तिखट नाही. त्याबरोबर साधी बोल्गेरी रोस्सो (रोस्सो म्हणजे लाल) घेतली आणि जेवणासोबत ती वाइन आदल्या दिवशीच्या चवीपेक्षा एकदम मऊ लागली. मांसातल्या चरबीनं आणि प्रोटीननं वाइनचा तुरटपणा कमी होतो हे वाचलेलं होतं, पण एकाच घासात कळलं. ताई पीत नाही, तिनं नुसता वास घेतला आणि चिंघियाले मात्र दोनदा घेतलं.

सोमवार

हा दिवस मी आयुष्यभर विसरणार नाही, आणि लिहिण्यासारखं पण ह्याच दिवसाचं जास्त आहे.

बोल्गेरी ते कास्तान्येतो असा डोंगराच्या पायथ्यानं एक रस्ता जातो, व्हिया बोल्गेरेझे. मोठमोठी नावं सगळी ह्या रस्त्यावर आणि आजूबाजूला आहेत, ओर्नेल्लाया, मास्सेतो, ग्वादो आल तास्सो, ग्रात्तामाक्को, ले माक्किओले. आम्ही गेलो एका छोट्या घरगुती इस्टेटीत, आधी मेल करून वेळ घेतली होती (घ्यावीच लागते, तोडणीच्या दिवसांत तर नक्कीच). मालकीणबाईंना इंग्रजी येत होतं, पण खरी गंमत झाली ती बागेत. ट्रॅक्टरवर पंजाबचा माणूस, होशियारपूरकडचा, बरीच वर्षं इटलीत. मग काय, दाजींना हिंदीत बोलायला माणूस मिळाला आणि पुढचे दोन तास आम्ही तिघं नुसते मागनं चालत होतो.

मर्लो ह्या दुसऱ्या लाल वाणाची तोडणी संपलेली, कॅबरने सोव्हिन्यों चालू होती. ती उशिरा पिकते, सप्टेंबरच्या शेवटापासनं ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. बाग बघून दाजी पहिल्यांदा खाली वाकले. आपल्याकडं मांडव किंवा इंग्रजी वाय आकाराचा आधार, घड डोक्याच्या वर लोंबतात, माणूस खालनं चालत जातो. इथं घड गुडघ्याच्या जरा वर, बास. तारा आहेत, पण काडी सरळ वर बांधलेली आणि घड सगळे खाली एका ओळीत. का, तर जमीन दिवसभर तापते आणि संध्याकाळी ती ऊब घडांना मिळते. ओळी जवळजवळ, झाडं पण दाट. एका हेक्टरमध्ये पाच हजारांच्या वर झाडं सहज असतात. मग दाजींनी तो प्रश्न विचारला जो कुठलाही बागायतदार विचारेल, माल किती निघतो?

बोल्गेरी रोस्सोला नियमानं हेक्टरी जास्तीत जास्त ९ टन, आणि सुपेरिओरे म्हणजे वरच्या दर्जाला ८ टन. हेक्टरी! आपल्याकडं तासगावात एकरी दहा-बारा टन काढणारे किती तरी आहेत आणि हेक्टर म्हणजे अडीच एकर. दाजींनी बोटावर हिशोब केला, परत विचारलं, परत तेच उत्तर आलं. वर पंजाबी भाऊ म्हणाले की जुलैमध्ये हिरवे घड काढून खाली टाकतो, म्हणजे झाडावर जेवढे आहेत तेवढेही ठेवत नाहीत. आपण पण विरळणी करतो पण ती मणी फुगावा म्हणून. इथं मणी फुगायलाच नको आहे. दाजी जीए, म्हणजे मणी वाढवायचं संजीवक, मारून, पाणी देऊन मण्याचा आकार वाढवण्यात तरबेज, एक्सपोर्टला अठरा मिलीमीटर लागतो, आणि इथं समोर कॅबरनेचा मणी करवंदाएवढा, जाड सालीचा, आत दोन-तीन बिया.

त्यांनी एक मणी तोडला आणि बोटांत दाबला. रस पांढरा, जवळजवळ पाण्यासारखा. मग साल दोन बोटांत घासली तर बोटं जांभळी झाली आणि ती दुपारपर्यंत तशीच होती. "रंग सालीत हाय पावणं," दाजी मला बोटं दाखवत म्हणाले, "मणी ल्हान तर रसाला साल जास्त. म्हणूनच ल्हान ठेवत्यात." लाल वाइनचं सगळं गणित ह्या एका वाक्यात आलं. रंग सालीतला, तुरटपणा सालीतला आणि बियांतला, आणि मणी लहान म्हणजे रसाच्या मानानं साल जास्त.

जमीन पण बघितली. गोटे, नदीनं आणलेले, हाताएवढे आणि मध्ये तांबूस माती, पाणी ठरतच नाही. सगळीकडं अशीच नाही, थोडं पुढं चिकणमाती लागते, मास्सेतोच्या टेकडीवर तर निळसर चिकणमाती आहे आणि तिथं मर्लो फार भारी होते. एकाच रस्त्यावर हजार-दोन हजार फुटांत माती बदलते म्हणून एकच इस्टेट वेगवेगळ्या तुकड्यात वेगळं वाण लावते आणि वेगळी तोडते. दाजींनी खिशातनं रुमाल काढून एक गोटा त्यात बांधून घेतला, मालकीणबाई हसल्या आणि हो म्हणाल्या.

छाटणीवर पण बरंच बोलणं झालं. आपल्याकडं वेल झोपतच नाही, थंडी तेवढी नसते, म्हणून एप्रिलला खरड छाटणी आणि ऑक्टोबरला फळछाटणी अशा दोन छाटण्या आणि पीक एक. इथं हिवाळ्यात पानं गळतात, वेल पूर्ण झोपते, छाटणी एकदाच. पंजाबी भाऊंना आपली दोन छाटण्यांची पद्धत माहीतच नव्हती, ते आता दाजींना विचारायला लागले. डाऊनीचं विचारलं, तर आहे, इथं पेरोनोस्पोरा म्हणतात, आणि त्यावर अजून मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण मारतात. हे मिश्रण १८८५ च्या सुमारास फ्रान्समध्ये मिलार्दे नावाच्या शास्त्रज्ञानं बोर्दोच्या बागांत बघून पुढं आणलं, रस्त्याकडंच्या ओळींवर चोरांनी खाऊ नये म्हणून लोक हिरवं-निळं काहीतरी शिंपडायचे आणि त्या झाडांना रोग कमी दिसला. म्हणजे आपल्या तासगावात टाकीत बोर्डो कालवणारा माणूस आणि बोल्गेरीत कॅबरने लावणारा माणूस दोघंही एकाच गावाचं देणं लागतात. कलम पण तसंच, आपण डॉगरिज ह्या रानटी द्राक्षाच्या खुंटावर भरतो, इथं पण मुळं अमेरिकन जातीची आणि वर फ्रेंच वाण, कारण फायलोक्झेरा किडीनं १९ व्या शतकात युरोपच्या बागा खाल्ल्या त्याला दुसरा उपाय सापडला नाही.

मग तळघरात. घड मशीनमध्ये जातात, देठ बाजूला, मणी पुढं, मग एका पट्ट्यावर बाया उभ्या राहून खराब मणी वेचतात. ताई लगेच त्या पट्ट्याजवळ जाऊन उभी राहिली, ती घरी बेदाण्याची प्रतवारी अशीच करून घेते, तिचा हात आपोआप पुढं झाला. तिथल्या एका बाईनं तिला मोजे दिले आणि ती दहा मिनिटं काम करून आली. स्टीलच्या टाक्यांत रस आणि सालं एकत्र आंबतात. गॅसनं सालं वर येतात आणि जाड थर बसतो, म्हणून खालचा रस पंपानं वर आणून त्या थरावर सोडायचा, दिवसातनं दोन-तीनदा. आम्ही होतो तेव्हा एक पंप चालू होता, टाकीच्या तोंडाशी चढून बघितलं तर खाली जांभळा फेस आणि नाकात झिणझिण्या. फार वाकायचं नाही, कार्बन डायऑक्साइड असतो, मालकीणबाईंनी हात धरून मागं घेतलं. दोन-तीन आठवडे सालीसोबत ठेवून मग दाबून काढायची, पुढं २२५ लिटरच्या ओकच्या पिंपात. नवीन फ्रेंच पिंप आठशे-हजार युरोला, आणि दोन-तीन हंगामांनंतर त्याचा गुण जातो. सुपेरिओरेला नियमानं दोन वर्षं थांबावं लागतं आणि त्यातलं निदान एक वर्ष ओकमध्ये.

शेवटी टेबलावर पाच ग्लास. पिंपातनं काढलेली तरुण कॅबरने आधी दिली, तिचा तुरटपणा असा की जांभूळ खाल्ल्यावर जीभ आवळते ना, तसं. मग तीच वाइन चार वर्षांनंतरची, तुरटपणा आहे पण गोल झालाय, आणि चेरी, सुकी पानं, थोडं मीठ. ते मीठ समुद्राचं का, ह्यावर खूप लोक खूप बोलतात, मला वाटलं ते सांगतो, खारट नव्हे पण घोट गिळल्यावर तोंडाला पाणी सुटतं. कॅबरने फ्राँची एक वेगळी होती, हिरव्या मिरचीचा अगदी थोडा वास आणि भारी ताजेपणा. ह्या पट्ट्यात हे वाण फार चांगलं येतं, ले माक्किओलेची पालेओ नावाची वाइन २००१ पासनं पूर्ण कॅबरने फ्राँची करतात. ती इस्टेट एउजेनिओ काम्पोल्मी ह्यांनी नावारूपाला आणली, ते २००२ मध्ये गेले आणि त्यांच्या पत्नी चिंझिया मेर्ली ह्यांनी सगळं पुढं नेलं. ताईला हे सांगितलं तर तिनं नाव दोनदा विचारून फोनमध्ये लिहून घेतलं.

परत येताना गाडीत दाजी बोलायला लागले ते थांबेचनात. आपल्याकडं २००१ ला सरकारनं द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, पलूसला वाइन पार्क झालं, नाशिक पुढं गेलं, सांगलीकडं खाण्याची द्राक्षं आणि बेदाणाच राहिला. दाजींचं म्हणणं, वाइनचं वाण लावायचं म्हणजे आधी डोक्यातनं टन काढायला पाहिजे, आणि बँकेचा हप्ता टनावर भरायचा असतोय. माझं म्हणणं, मारियोनं वीस वर्षं विकली नाही कारण त्याला घरची इस्टेट होती, प्रत्येकाला ते परवडणार नाही, पण कुणीतरी एक एकर तरी गोट्यामुरमात लावून बघायला पाहिजे. दाजी म्हणाले, "बघू."

मंगळवार

हा दिवस माझा. दक्षिणेला पाऊण तासावर बारात्तीची खाडी, वर पोपुलोनिया. दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी एत्रुस्कन, म्हणजे रोमनांच्या आधीचे इथले लोक, समोरच्या एल्बा बेटावरनं लोखंडाचं खनिज होडीनं आणायचे आणि इथं भट्ट्या लावायचे. एवढं लोखंड गाळलं की स्लॅगच्या, म्हणजे गाळून उरलेल्या मळीच्या, ढिगाऱ्याखाली त्यांचीच आधीची थडगी गाडली गेली. विसाव्या शतकात तो स्लॅग परत काढून नेला, कारण जुन्या भट्टीत पुरती उष्णता न मिळाल्यानं त्यात अजून भरपूर लोखंड शिल्लक होतं, आणि तो काढताना खालची थडगी उघडी पडली. किनाऱ्यावरची वाळू काळसर आणि चमकणारी आहे. मी एक खडा उचलला, हाताला जड, एका बाजूला ओघळ गोठलेला स्पष्ट दिसतो. रोज शिरोलीत लॅडलवरनं, म्हणजे वितळलेलं लोखंड ओतायच्या भांड्यावरनं, स्लॅग काढताना बघतो, ओघळ तोच. तो खडा तिथंच ठेवला, न्यायचा नसतो.

वाइनशी संबंध म्हणाल तर आहे. रोमन लेखक प्लिनीनं लिहून ठेवलंय की पोपुलोनियात एकाच द्राक्षवेलीच्या खोडातनं कोरलेली ज्युपिटरची मूर्ती होती, आणि ती किती तरी काळ न किडता टिकली होती. म्हणजे माणसाच्या मूर्तीएवढं खोड होईपर्यंत वेली इथं वाढत होत्या. दाजींनी थडग्यांपेक्षा ह्याच गोष्टीवर जास्त विचार केला, वेलीचं खोड किती वर्षांचं असेल म्हणून.

बुधवार

पिओम्बिनोहून एल्बाला जहाजानं तासाभरात. नेपोलियन १८१४ ला इथं हद्दपार होता, त्याचं घर बघितलं, पण आम्ही आलो होतो आलेआतिकोसाठी. हे लाल द्राक्ष तोडून आधी उन्हात ट्रेवर सुकवतात, मग पिळून गोड लाल वाइन करतात. आम्ही गेलो तेव्हा सुकवणी संपत आलेली, शेवटचे थोडे ट्रे राहिले होते.

आता ताईचा नंबर. तिनं एक घड उचलला, मणी चेपून बघितला, तोंडात टाकला, आणि सांगायला लागली की हे अजून अर्धेच सुकलेत, आपला बेदाणा एवढ्यावर काढला तर पेटीत बुरशी धरेल. बरोबर होतं, इथं अर्धवटच सुकवायचं असतं, पिळल्यावर रस निघाला पाहिजे. आपल्याकडं डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटमध्ये बुडवतात म्हणजे सालीवरचं मेण जाऊन पाणी लवकर उडतं, मग शेडमध्ये जाळीवर सावलीत बारा-पंधरा दिवस, रंग हिरवा-पिवळा राहायला पाहिजे. इथं बुडवत नाहीत आणि सरळ ऊन. साल जपायची, कारण वास सालीत. बाटली उघडली तर गुलाबाचा वास, नुसता गुलाब, आणि मागनं मनुका. सोबत स्कियाच्चा ब्रियाका म्हणून इथला केक दिला, आलेआतिको, बेदाणे आणि चिलगोजे घातलेला, यीस्ट नाही, खलाशांना टिकायला केलेला. ताईनं केक खाल्ला आणि त्यातला बेदाणा बाजूला काढून दाजींना दाखवला, आकार, रंग, बी आहे का, सगळं बघून झालं. बायको म्हणाली, "वन्सं, सुट्टीला आलोय आपण." ताई म्हणाली मी सुट्टीवरच आहे.

गुरुवार आणि पुढं

परतीला बाटल्या घेतल्या. एका माणसाला २ लिटर दारू कस्टमला माफ आहे, म्हणजे दोन पूर्ण बाटल्या आणि एक अर्ध्या लिटरची आलेआतिको अगदी बरोबर बसते. चेक-इन बॅगेत, कपड्यांत गुंडाळून. सगळ्या नीट पोचल्या.

कोल्हापुरात आल्यावर पहिली बाटली रविवारी मटणाबरोबर उघडली आणि ह्याबद्दल सांगतो कारण बरेच जण विचारतात. आपला झणझणीत रस्सा आणि तरुण कॅबरने जमत नाही, तिखटानं तुरटपणा वाढतो आणि अल्कोहोलनं तिखट वाढतं, दोन्ही एकमेकाला भडकवतात. सुक्कं मटण, कमी तिखट, भाजलेल्या खोबऱ्याचं, किंवा खिमा असेल तर मस्त, आणि वाइन मर्लो जास्त असलेली घ्यायची. वाइन थोडी थंड पाहिजे, अठरा डिग्रीच्या आसपास, आपल्या ऑक्टोबरच्या उकाड्यात फ्रिजमध्ये वीसेक मिनिटं ठेवून काढायची. सुपेरिओरेची बाटली ठेवलीय, चांगली वर्षं दहा-पंधरा टिकते म्हणतात, पण त्यासाठी थंड आणि अंधारी जागा लागते, किचनच्या कपाटात नाही टिकणार.

कुणाला जायचं असेल तर सप्टेंबरचा मध्य ते ऑक्टोबरची सुरुवात, इस्टेटींना महिनाभर आधी मेल, गाडी हवीच, आणि साधी बोल्गेरी रोस्सो वीस-पंचवीस युरोपासनं मिळते, तिच्यापासनं सुरुवात करा. दाजींनी फळछाटणी वेळेत केली. बांधाकडच्या मुरमाड तुकड्यासाठी त्यांनी कॅबरनेची रोपं कुठं मिळतात ते विचारायला नाशिकला दोन फोन केलेत, आणि ताईनं त्यांना सांगितलंय की जेवढ्या ओळी लावाल त्यातल्या निम्म्या ती सुकवून बघणार आहे.